मधली पट्टी

दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी विमानं उतरत असली, की त्यांच्या वाटांमधल्या मोकळ्या पट्टीत कोणी शिरू नये म्हणून ताई रडारच्या पडद्यावरून नजर ठेवत. सगळं सुरळीत असेल तर तोंड उघडायचं नाही, हीच त्यांची नोकरी.

"घरी अशाच गप्प बसलात तर भाऊजी डॉक्टर बोलावतील," शेजारचा कंट्रोलर चिडवायचा.

त्या दुपारी ढग खाली आले होते. डावीकडचं विमान मधल्या पट्टीकडे भरकटू लागलं. ताईंनी त्याला डावीकडे वळायला सांगितलं, तरी ते पट्टीत शिरलंच. अशा वेळी चुकणाऱ्याची मनधरणी करायची नसते. सरळ येणाऱ्या दुसऱ्या विमानाला आधी बाजूला काढायचं असतं. ताई हे नव्यांना शिकवत. पण त्यांनी पुन्हा चुकणाऱ्यालाच हाक मारली. मग पुन्हा.

शेजारच्या कंट्रोलरने झुकून त्यांचं बोलायचं बटण दाबलं आणि उजवीकडच्या विमानाला वर वळवलं.

"दोन्ही सुखरूप आहेत ना?" ताईंनी विचारलं.

"आहेत. पण ताई, त्याला काय विनवत बसलात?"

धाकट्या भावाला दारूतून परत बोलावण्यात ताईंची निम्मी हयात गेली होती, आणि तो आला नव्हता.

ड्यूटीवरचे साहेब म्हणाले, "चार दिवस विश्रांती घ्या, मग परत पडद्यासमोर बसा."

"नको," ताई म्हणाल्या. "मी पुन्हा चुकणाऱ्यालाच हाक मारीन."

त्यांनी कानावरचा हेडफोन काढून साहेबांच्या हातात दिला.