मोटारीची गाळणी आणि माझे भासरे

गाळल्याशिवाय या जगातली कोणतीही वस्तू आत जाऊ द्यायची नाही, असं ठरवून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या नशिबी भासरा म्हणून आला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आदिलाबादला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते शेठची मोटार चालवत. निजामाचं राज्य होतं, मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, त्यामुळे मोटार चालवणाऱ्याला लोक तहसीलदाराच्या खालोखाल मान देत. पण भासऱ्यांच्या अंगावर मानाची काही खूण नव्हती. खांद्यावर पांढऱ्या मलमलीचा तुकडा असे, तोच त्यांचा दागिना. विहिरीचं पाणी ते सात पदरांतून गाळत. दूध दोनदा गाळत. पेट्रोल शेठच्या एका जुन्या काळ्या टोपीतून गाळत, कारण त्या टोपीसारखं दाट कापड बाजारात नाही असं त्यांचं मत होतं. एकदा शेठने चुकून तीच टोपी डोक्यावर घातली आणि कचेरीत गेले, तेव्हा समोरच्या पेशकाराने घाईघाईने आपली विडी विझवली म्हणतात. कुणी काशीहून आमच्या सासूबाईंना गंगाजल आणून दिलं, तर भासऱ्यांनी तेही मलमलीतून ओतलं. सासूबाई कपाळ बडवत म्हणाल्या, "मेल्या, गंगेले गाळतं काऊन?" भासरे शांतपणे म्हणाले, "गंगा पवित्र हाय माय. लोटा कोनाचा हाय, कोन जाने."

या वेडाला कारण होतं. लहानपणी त्यांच्या डाव्या पायातून तीन नारू निघाले होते. नारू आता कुणाला ठाऊक नाही, ते बरं आहे. पाण्यातून पोटात जायचा, वर्षभर गुमान राहायचा आणि मग पायाला फोड येऊन पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, घाई करायची नाही. तुटला तर आतच सडायचा. भासऱ्यांचा पाय त्याने कायमचा ओढका झाला. पुढे दौऱ्यावरच्या एका डॉक्टरने त्यांना सांगितलं, की नारूचं बी पाण्यातल्या बारीक किड्यात असतं, पाणी कापडातून घेतलं तर तो होत नाही. बाकीच्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. भासऱ्यांनी बाजारातून मलमल आणली.

घरात याचा त्रास नव्हता. आम्ही त्यांचं गाळलेलं पीत होतो आणि मागे हसत होतो. त्रास झाला तो माझ्या भावाच्या लग्नात. माझं माहेर तामसीकडचं. गावाला पायऱ्यांची विहीर, लोक पाण्यात उतरून घागरी भरत. पंगत बसली, पाणी वाढायला निघालं, तोच भासरे उठले आणि घागरीच्या तोंडाला मलमल लावून उभे राहिले. शंभर माणसं बघत होती. माझी काकू मोठ्याने म्हणाली, "आमचं पानी काय गटाराचं हाय का? पोरगी देल्ली तवा नाई गाळून घेतली?" सगळे हसले. मी दाराआड उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी प्यायला आत आलेल्या नवऱ्याला मी म्हटलं, "आज तरी माझ्या माहेरची लाज राखा. बिनगाळलेलं प्या, सगळ्यायले दिसू द्या." ते भोळे. बाहेर जाऊन ते उभ्या-उभ्या लोटाभर पाणी प्याले. मी दारातून बघत होते. भासरे दाराशीच, त्यांच्या मागे, ओली मलमल हातात धरून उभे होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. भासऱ्यासमोर भावजयीने तोंड उघडायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. मी पदर पुढे ओढला. त्यांनी मलमल पिळली आणि परत घागरीला लावली.

पुढच्याच महिन्यात शेठने नवी मोटार घेतली. जुन्या मोटारीत तेल गाळायची सोयच नव्हती. भासरे आठवड्याला तिचं तेल काढून धोतरातून गाळत. तरी एकदा शेठच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेताना तिचं इंजिन रानात जाम झालं. बैलगाडी येईपर्यंत म्हातारीने पळसाच्या सावलीतच प्राण सोडला. त्या दिवसापासून भासरे इंजिनाच्या आवाजाकडे असे कान लावून बसत, जसं कुणी तापाच्या माणसाच्या छातीला लावतं. नव्या मोटारीच्या इंजिनाला बाजूला लोखंडी डबा होता आणि डब्यात तेलाची गाळणी होती. त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. "पाय माय, हिच्या पोटातच गाळणं हाय. गाडीलेबी नारू होते, हे साहेब लोकायले समजलं." सासूबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं. शेठ म्हणाले, "इंजन को भी ब्याह दिया क्या?"

पण ती गाळणी वर्षभरात बदलावी लागते. लढाईचे दिवस होते, मोटारीचे सुटे भाग मिळत नव्हते. शेठने तीन ठिकाणी पत्रं टाकली आणि उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तीन पुडकी आली. तिन्हीत तीन तऱ्हेच्या गाळण्या. भासऱ्यांनी जुनी काढायला डबा उघडला, तर ती हातातच लगदा होऊन आली. आता तीनपैकी एक बसवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या पायातला नारू तुटला.

माझ्या माहेरचं पाणी वर्षभराने वर आलं होतं. दहा दिवस काडीला गुंडाळत होते, अकराव्या दिवशी जिनात काम करताना कापसाची गाठ पायावर घसरली आणि तो आतच राहिला. दोन दिवसांत पाय मुसळासारखा झाला, काळानिळा पडला. गावच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, "नागपूरला न्या. उशीर केला तर पाय जाईल, आणखी उशीर केला तर माणूस जाईल." पेट्रोलच्या टंचाईने सर्व्हिसच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटारी बंद होत्या. बैलगाडीने आठ दिवस लागले असते. शेठ चांगला माणूस, म्हणाले, "गाडी ले जाओ."

आणि भासरे गाळणी निवडायला बसले.

अंगणात तीन पितळी वाट्या मांडल्या. जुनं तेल गरम केलं, त्यात चिमूटभर बारीक रेती घातली, आणि एकेका गाळणीतून ते उतरवायला लागले. थेंब थेंब. एका गाळणीला एक दिवस. पहिली सुताने भरलेली. तिच्यातून उतरलेलं तेल त्यांनी पांढऱ्या धोतरावर टाकलं, उन्हात धरलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "हिचे तंतू सुटून राह्यले. कापूस आमाले शिकवतं का?" दुसरी नमद्याची, लोकरीच्या जाड चकत्यांची. तिचं तेल स्वच्छ, पण गाळणीच डब्याला अर्धं बोट आखूड. "तेल बाजूनंच पळते. दाराले कुलूप अन् भिंतीले भोक." घरात नवरा कण्हत होता आणि हा माणूस बाहेर असं बोलत होता. मी आतून सासूबाईंना सांगायची, सासूबाई बाहेर जाऊन सांगायच्या, "अरे, ते पोरगी म्हनते निघा आता." ते म्हणत, "निघतो माय. आजचा दिवस."

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला भूल पडल्यासारखी झाली, मला ओळखेनात. मी पदर खोचला आणि अंगणात गेले. त्यांना मी जन्मात कधी हाक मारली नव्हती, म्हणून काय म्हणून हाक मारायची तेही माहीत नव्हतं. हाकेशिवायच बोलले.

"गाडी केवा निघते?"

ते दचकले. वाटी हलली, तेल सांडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाटेत बंद पडली तं? रान हाय, पैनगंगा हाय. शेठची माय माह्या डोयासमोर गेली, बाई."

"इथं तुमचा भाऊ जाऊन राह्यला तुमच्या डोयासमोर."

त्यांचा अंगठा धोतरावर होता, तो तसाच राहिला. मग म्हणाले, "कागदाची राह्यली. तेवढी पाहू दे." तिसरी गाळणी घड्या घातलेल्या कागदाची होती. आधी तिला ते हसले होते, म्हणाले होते की ही तं शाळेची वही हाय. तीच खरी निघाली. डब्यात चपखल बसली, तंतू नाही, रेतीचा कण नाही. तिचं तेल उतरायला तो दिवस गेला. घासलेटात धुऊन वाळवून बसवायला चौथा गेला. पाचव्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. गाडी वाटेत एकदा खोकली सुद्धा नाही. पैनगंगेच्या वाळूतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. नागपूरला त्याच दिवशी पाय मांडीपासून कापला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणता तर पाय ठेवता आला असता.

पुढचं मी सांगितलं नसतं, पण ते भासऱ्यांनी स्वतः सांगितलं म्हणून सांगते. दवाखान्यात बसून राहवेना, तेव्हा ते एका मोटारीच्या कारखान्यात जाऊन तिथल्या मिस्त्रीला विचारून आले. परत येऊन भावाच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री म्हनते, गाळणी नसती तरी चाललं असतं. ताजं तेल टाकून रिकाम्या डब्यानं आलो असतो. एका खेपेनं काई होत नाई." नवरा शुद्धीवर होता. त्याने हात पुढे केला, तो भासऱ्यांनी धरला. मी मात्र तोंड फिरवून घेतलं.

घरी आल्यावर भासरे रोज सकाळी भावाला पाठीवर घेऊन जिनात नेत. तिथे नवऱ्याला बसून वजनाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं होतं. दोघांत मिळून दोन धड पाय होते, आणि तेवढ्यावर दोघं जात. एकावर एक बघून लोक म्हणत, "आली, दुमजली गाडी आली." माझी रीत एकदा मोडली ती मोडलीच. मी भासऱ्यांशी बोलत होते, पण काय बोलत होते! ते पाण्याला मलमल लावायला बसले की मी म्हणायची, "गाळा. चार दिवस गाळा." भाजी करपली तरी मला ते चार दिवस आठवत. वीस वर्षं मी तो माणूस चार दिवसांनी मारला. ते मान खाली घालून ऐकत, पाणी गाळत, आणि आधी माझी घागर भरत. माझ्या पाच लेकरांपैकी एकालाही नारू झाला नाही. त्या काळात आमच्या गल्लीत असं दुसरं घर नव्हतं.

त्या लग्नातलं पाणी त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही. एका वाक्याचं काम होतं. माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ते वाक्य त्यांच्या आतच राहिलं, त्यांच्या गाळणीतून बाहेर आलं नाही.

ते गेले उन्हाळ्यातच. शेवटच्या घटकेला लोक म्हणाले, तोंडात गंगाजल घाला. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला लोटा मी काढला आणि त्यांच्या उशाची मलमल घेतली. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बाई, गंगा हाय ते." मी म्हटलं, "लोटा कोनाचा हाय, कोन जाने." सात पदर केले आणि गाळून दोन थेंब त्यांच्या तोंडात घातले. त्यांनी गिळले.

मग ती मलमल मी दाराशी नेली आणि उन्हात धरून पाहिली. काही नव्हतं. तरी अंगठ्याने चोळून पाहिली.