बँकेसारखं दिसणारं पान

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने हमरापूरच्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. यांचे हात तर कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. त्यामुळे यांचा मोबाइल हाताळायचं काम आखणीवालीकडे असे. मूर्तीचे डोळे आखणाऱ्या बाईचे हात कोरडे लागतात. ती कासूहून यायची. हे लांबून ओरडून आकडे सांगत आणि ती दाबत जाई, त्यामुळे अख्ख्या कारखान्याला यांचा पिन पाठ होता. मी कितीदा टोकलं, पण बायकोचं ऐकलं तर मूर्तीला तडा जातो असं बहुधा यांना वाटत असावं.

त्या दुपारी मेसेज आला, आज माहिती भरली नाही तर खातं बंद होईल. तिने तो वाचून दाखवला.

"भर गो, मंडळांचे पैसे यायचे हायत," हे म्हणाले.

मेसेजमधल्या लिंकने उघडलेलं पान हुबेहूब बँकेचं, तोच रंग, तेच चिन्ह. यांनी कार्डाचा नंबर सांगितला, पिन सांगितला, ओटीपीही भरायला लावला. चहा होईपर्यंत खातं रिकामं झालं.

तेव्हाच बँकेला फोन करायला हवा होता. ते सोडून हे तिच्यावर धावले. "मोबाइल तुझ्याच हातात होता. कोणाला दिलास पिन?"

तिने हातातला ब्रश धुऊन ठेवला आणि निघून गेली. मी मोबाइल ओढून घेतला, बँकेला आणि सायबर हेल्पलाइनला कळवलं, तोवर पैसे दुसरीकडे वळते झाले होते. पेणच्या शाखेतल्या बाईंनी ते पान पाहिलं आणि वरच्या वेब-पत्त्यावर बोट ठेवलं. तो बँकेचा नव्हताच. "आणि पिन आम्ही कधीच विचारत नाही," त्या म्हणाल्या. हे खाली बघत बसले. मला यांची कीव आली नाही. राग आला, अजून येतो.

मी कासूला तिच्या घरी गेले. "दादाची चूक झाली," म्हटलं.

"तो बोलला का तसा?"

हे तसं बोलले नव्हतेच. तरी ती आली. "डोले अर्धे टाकून नाय जात वैनी," एवढंच म्हणाली.

शेवटच्या मूर्तीपर्यंत तिने पूर्वीसारखीच आखणी केली. पण रोज संध्याकाळी निघताना ती यांच्यासमोर थांबे. पिशवीतला डबा, छत्री, रुमाल, सगळं जमिनीवर काढून ठेवी.

"बघून घे, दादा."

हे नको नको म्हणत, तोंड फिरवत. हे बघेपर्यंत ती काही उचलत नसे.