केकाच्या कुकरला शिट्टी नसते

मी हळू बोलतो. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा चहा संपवून उठलेला असतो. त्यामुळे सांगायच्या गोष्टी माझ्याकडे साठतच जातात. त्यात तीन वर्षांपासून आमच्या अड्याळ गावातल्या घरात केक व्हायला लागले. एक केक घराबाहेर गेला की दोन किस्से घरात राहतात! तुम्ही आज निवांत बसलाच आहात, तर ऐका.

आमची सून अश्विनी. धानाच्या बांधीत, खाचराच्या चिखलात उतरून काम करणारी पोरगी, पण जीव सगळा मोबाईलमधल्या केकांत! एक दिवस मला म्हणाली, "मामाजी, आज मी केक करून पाहते."

घरात ओव्हन नव्हता. तिने मोठा कुकर काढला, तळाला मीठ पसरलं, वर जाळी ठेवली आणि जाळीवर केकाचा डबा. झाकण लावलं आणि दळण आणायला निघाली. जाताना म्हणाली, "मामाजी, जरा लक्ष ठेवजा."

मी पाट घेऊन कुकरसमोर बसलो. कुकरबद्दल मला एकच गोष्ट माहीत, शिट्ट्या मोजायच्या. अर्धा तास झाला, शिट्टी नाही. तासभर झाला, शिट्टी नाही. तिकडे चक्कीवरची लाईट गेली आणि सून अडकली. इकडे धूर निघायला लागला, तरी मी कान देऊन बसलेला!

ती धावत आली. "मामाजी, गॅस बंद काहून नाही केला?"

"शिट्टीच नाही झाली ना बाई."

तिने कपाळाला हात लावला. "केकाच्या कुकरले शिट्टी नसते, मामाजी! मी काढून ठेवली होती!"

तो केक आमच्या गाईने एकदा हुंगला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मीच ओशाळलो.

*

दुसरा केक मात्र असा फुलला, की गल्लीतली पोरं वासावर आली! सगळ्यांनी खाल्ला. एकीने नाही खाल्ला. आमच्या म्हातारीने.

म्हातारी म्हणजे माझी बायको. गळ्यात माळ, स्वयंपाकघरात तिचं राज्य. तिचं म्हणणं एकच, "अंड्याबिगर केक होतच नाही. मले नको शिकवू."

अश्विनीने मैदा, दही, दूध, तेल सगळं तिच्यासमोर मांडलं. "पाहा मामीजी, याच्यात अंडं कुठी आहे?"

म्हातारी म्हणाली, "दिसत नाही, म्हणूनच तर भेव लागते!"

हे असंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ऑर्डरी वाढल्या. बसस्टँडजवळ एक खोली रिकामी झाली आणि अश्विनीने मनात दुकान मांडलं. रात्रंदिवस तोच ध्यास! पाटी कोणत्या रंगाची, काचेचं कपाट कुठे, सगळं वहीत काढून ठेवलं. माझा मुलगा भंडाऱ्याला कामाला. तो म्हणाला, "आई म्हणन तसं." आणि आई म्हणाली, "जे म्या चाखलं नाही, ते लोकायले खाऊ घाल म्हणू कशी?"

मग चाख म्हणावं, तर चाखायलाही तयार नाही! आता करा काय करता ते.

*

मे महिन्यात जवळच्या कोंढा गावातून ऑर्डर आली. पहिल्या वाढदिवसाचा, पांढऱ्या क्रीमचा केक. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. क्रीम वेशीपर्यंतही टिकलं नसतं.

आमचा शेजारी शामराव तलावात मासेमारी करतो. त्याने आपली बर्फाची थर्माकोलची पेटी आणून दिली. "घेऊन जा, सूनबाई. मासोळी टिकते, तर केक टिकणार नाही काय?"

अश्विनीने पेटी तीनदा धुतली, लिंबू चोळलं, केकाचा डबा प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळला आणि मग बर्फावर ठेवला. ऑटोत अश्विनीच्या बाजूला मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. केक पोचला तो थंडगार, एक फूलसुद्धा हललं नव्हतं! आम्ही खूश.

दारात उतरलो तर यजमान आमच्या मागेच पाहत उभे. म्हणाले, "वहिनी, केक एकच सांगितला होता. मांजरी चार कायले आणल्या?"

मागे वळून पाहिलं. चौघीही शेपट्या वर करून उभ्या! केकाला वास नव्हता, पण पेटीला होता. कार्यक्रम संपेपर्यंत मी बाहेर पेटीवर बसून राहिलो. पोरांनी केक सोडून मांजरींसोबतच फोटो काढले.

*

भंडाऱ्याला एकदा दोन मजली केक न्यायचा होता. एसटीत पाय ठेवायला जागा नाही. मी हातात खोका धरून उभा. वय माझं सत्तरीच्या पलीकडचं, पण कुणी हललं नाही.

तेवढ्यात खोक्याच्या खिडकीतून कंडक्टरला आतली गुलाबाची फुलं दिसली. तो ओरडला, "अरे उठा ना बे कोणी! केक उभा आहे!"

तीन जण उठले! केकाला खिडकीजवळची जागा मिळाली. भंडारा येईपर्यंत सगळी एसटी त्याच्याकडे वळून वळून पाहत होती. मी त्याच्या बाजूला दांडा धरून उभा. एक बाई मला म्हणाली, "बाबाजी, ब्रेक लागला का केकाले धरजा हो."

*

आमच्या वयाच्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते. आधार कार्ड काढताना ज्याला सांगता आलं नाही, त्याला एक जानेवारी मिळाली. चहाच्या टपरीवर बसणारे आम्ही सातही जण एक जानेवारीचे!

अश्विनी म्हणाली, "मामाजी, यंदा मी तुमच्या सगळ्यायचा वाढदिवस करते."

केक टपरीवर आला. वर सात मेणबत्त्या. आता कापायचा कोणी? शामराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मी मोठा. याले लहानपणी तलावातून म्याच काढलं होतं."

"म्हणून मोठा झाला काय? पोहणं तुले मीच शिकवलं!" मी म्हणालो. माझं वाक्य संपेपर्यंत आणखी दोघं मोठे झाले होते.

शेवटी सुरीला सातही जणांनी हात लावला. सात म्हाताऱ्यांचे हात, काही थरथरणारे. केक कापला गेला नाही, दाबला गेला!

शामरावची बायको भाजीची पिशवी घेऊन चालली होती. थांबली, मेणबत्त्या मोजल्या, आम्हाला मोजलं आणि म्हणाली, "एकाच दिवशी सात! तुमची माय किती थकली असन!"

घरी येऊन म्हातारीला सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. मी चोळामोळा झालेला तुकडा पुढे केला. हसू तिथेच थांबलं. "ठेवा तिकडं," म्हणाली.

*

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. गावातल्या एका शेतकऱ्याचा रोवणा आटोपला. धानाची लावणी उरकली की बायांना गोडधोड द्यायचं असतं. त्याच्या बायकोने या वेळी केक सांगितला.

अश्विनीने केकावर अख्खी बांधी उभी केली! चॉकलेटचा चिखल, चारही बाजूंनी बांधाचे धुरे आणि मधे हिरव्या क्रीमची रोपं, ओळीने. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, इतकं खरं!

केक शेतावर गेला. बाया हात धुऊन गोल बसल्या. सगळ्यांत वडील होत्या गिरजाबाई. त्यांच्या हाती सुरी दिली. त्यांनी केक पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

"नाही बाई. मी नाही कापत."

"काहून?"

"आताच तर रोवून उठलो. अजून लोंबी नाही आली, अन् मी धान कापू? हिरव्याले हात लावत नसतात!"

बाकीच्या बायाही माना डोलवायला लागल्या. केक समोर, तोंडाला पाणी, पण कोणी कापेना! मालकीण रडायच्या बेताला आली.

अश्विनीने काय करावं? पिशवीतून पिवळ्या क्रीमचा कोन काढला, चिखलात उकिडवी बसली आणि एकेका रोपावर लोंबी काढायला लागली. टपाटप, टपाटप! चार मिनिटांत अख्खी बांधी पिवळी.

"घ्या गिरजाबाई. पिकलं. आता कापा."

गिरजाबाईंनी वाकून एकेक लोंबी पाहिली. मग सुरी बाजूला सारून म्हणाल्या, "धान हाय ते. माहा इळा आणा!"

आणि खरंच, धुतलेल्या विळ्याने केक कापला!

*

आता ही गेल्या आठवड्यातली.

बसस्टँडजवळच्या खोलीचा मालक गुरुवारी सकाळी घरी आला. त्या खोलीला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. "आज हो किंवा नाही सांगा," म्हणाला आणि खाटेवर बसला.

अश्विनी तडक स्वयंपाकघरात गेली. पहाटेच तिने एक साधा केक केला होता. क्रीम नाही, फूल नाही, मेणबत्ती नाही. त्याचा एक तुकडा ताटलीत घेऊन ती म्हातारीसमोर जमिनीवर बसली.

"मामीजी, एकच घास. नाही आवडला तर मी खोलीचं नाव नाही काढणार. कधीच नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे. मालकाने चहाचा कप हातातच धरून ठेवला.

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. मग तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावला, गिळला, वरून पाणी प्याली.

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "खोली घेऊन टाक. पण केक सोमवारी केला होता तसा करत जा, तो संत्र्याचा. आजचा जरा कोरडा झाला."