यसोदाकाकूची घागर

सोनईच्या स्टँडवर एस.टी. सुटता सुटता आप्पांनी खिडकीतून पितळेचा तांब्या आत सरकवला. आप्पा, माझे वडील, बाजारात छोट्या दुकानात बसून भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नी, हातोडी आणि दिवसभर टिकटिक. त्या तांब्यावर त्यांनी 'कौसा, सोनई' असं घातलं होतं. लग्नात माझं नाव बदलून सुनीता ठेवलेलं, त्याला धड आठवडाही झाला नव्हता.

"सासरचं नाव घालायला हात झाला न्हाई, कौसे," आप्पा म्हणाले. "आन् नाव असलेलं भांडं कुठंबी गेलं तरी माघारी येतंय बघ."

नवरा तेव्हा वरती ट्रंक बांधत होता. मी तांब्या पोटाशी धरून नगर येईपर्यंत रडले.

लालबागला आमची एक खोली होती. नवरा गोदीत, पाळीचं काम. शेजारणी वाईट नव्हत्या, पण "सुनीता" म्हणून हाक आली की मी वळायचीच नाही. कुणा दुसरीला बोलावतायत असं वाटायचं. त्यांनी मला शिष्ट ठरवून टाकलं. मग हाकाही कमी झाल्या. दुपारी मी स्टोव्हशी बोलायची. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या लग्न होऊन लांब गेल्या, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. आप्पांची पत्रं आखूड झाली. आड आटला, नवी भांडी कुणी घेत नाही, शेजारच्या यसोदाकाकूंनी घागर पुणतांब्याला भावाकडं दिली, एवढंच.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी नवऱ्याने मला कुलाब्याला कॉजवे दाखवायला नेलं. मुंबईत येऊन कॉजवे पाहिला नाही तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. रस्त्यावर गोऱ्या लोकांची ही गर्दी! केस वाढवलेले, गळ्यात माळा, पायांत काही नाही. आमच्याकडे अनवाणी माणसाला चप्पल नसते म्हणून तो अनवाणी असतो, हे कुठल्या हौसेने हिंडतायत, मला कळेना. नवरा गॉगल बघत उभा राहिला आणि मी पुढच्या दुकानाशी थबकले.

दुकानात हंडे, घंगाळी, समया. कुणाकुणाची स्वयंपाकघरं तिथे येऊन बसली होती. एका गोऱ्या बाईच्या हातात घागर होती. घागरीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेलं: 'यसोदा, सोनई'. ते शेपूट लांबवलेलं 'ई' माझ्या आप्पांचं. ती घागर मी लहानपणी आडावरून किती वेळा डोक्यावर आणली होती.

दुकानदार बाईला सांगत होता, पुरानी नक्षी है.

"नक्षी नाही," मी म्हणाले. "नाव आहे. बाईचं."

त्याने तिला तसं सांगितलं असावं. तिने मला बोटाने अक्षरं दाखवली. मी वाचलं, "यसोदा." तीही म्हणाली, "यसोदा." मग तिने माझ्याकडे बोट केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कौसा."

"कौसा," ती हसून म्हणाली. दीड वर्षात मला कुणी या नावाने हाक मारली नव्हती. भर रस्त्यात मला रडू फुटलं. घागर कागदात गुंडाळून ती बाई निघून गेली.

घरी येऊन मी त्याच भरात आप्पांना कार्ड लिहिलं. तुमच्या हातची यसोदाकाकूंची घागर मुंबईच्या बाजारात पाहिली, गोऱ्या बाईने विलायतेला नेली. मला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायला माणूस नव्हतं. कार्ड आप्पांच्या दुकानात पोस्टमन मोठ्याने वाचतो, आजूबाजूच्या बाया ऐकायला बसतात, हे मला माहीत नव्हतं थोडंच! मीही तशीच बसायची. पण त्या दिवशी ते डोक्यातच आलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा काकू आमच्या दारात येईनात. मीच गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"चकचकीत हुती का गं?" त्यांनी विचारलं.

"लई चकचकीत हुती, काकू."

"नाव हुतं?"

"हुतं."

"मंग बरं." त्यांनी भाकरी उलटली. "मोडीत घातली तवा वाटलं, वितळिवली आसंल. पर कौसे, कार्डावर न्हवतं गं लिवायचं. भावाकडं दिली म्हून सांगितल्यालं मी. समद्यांम्होरं वाचलं त्येनी. मी तिथंच बसल्याली."

काकूंच्या तोंडची 'कौसे' ही हाक मी दोन वर्षं मनात घोकत होते. ती ऐकली ती अशी.

त्यानंतर मुंबईहून मी पुष्कळ कार्डं लिहिली. प्रत्येकात 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी' एवढंच. शेवटपर्यंत आप्पांना वाटत राहिलं की मी तिकडे रमले. आता काकू नाहीत, आप्पाही नाहीत. तांब्या रोज घासते, नावावरून हात जरा हलका फिरवते. घर म्हटलं की मला आप्पांचं दुकान दिसतं, कार्ड वाचणारा पोस्टमन दिसतो, आणि ऐकायला बसलेल्या बायांत मान खाली घातलेल्या काकू.