साडूभाऊंच्या कॅमेऱ्याची बॅटरी

आमच्या साडूंबरोबर ज्याने एक रविवार काढला, त्याला पुन्हा कधी स्वतःचा फोटो काढून घ्यावासा वाटणार नाही, असं मी कुणालाही लिहून देईन. मी त्यांच्याबरोबर असे कितीतरी रविवार काढलेत. ते मुलुंडला, मी घाटकोपरला आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा सुटका नव्हती. त्यांच्याकडे एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे, लेक लहान असताना बोनसमधून घेतलेला. आता सगळ्या जगाच्या खिशात फोन आला, पण साडूंचा कॅमेरा काही गळ्यातून उतरला नाही. फोनवर काढलेला फोटो म्हणजे उभ्याने उरकलेलं जेवण, असं त्यांचं मत आहे. कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. मला दमवलं ते त्याच्या बॅटरीने.

कॅमेऱ्यातली प्रत्येक गोष्ट बॅटरी खाते, हे साडूंना फार लवकर कळलं आणि तेव्हापासून आम्हा सगळ्यांची वाट लागली. फ्लॅश सगळ्यात जास्त खातो, म्हणून फ्लॅश बंद. माझ्या मुलाच्या बारशाला हॉलमध्ये उजेड कमी म्हणून यांनी फुलांनी सजवलेला पाळणा सरकवत बाल्कनीत नेला. भर उन्हात आमच्या दोन आत्या डोक्यावर पदर घेऊन पाळणा म्हणत होत्या आणि समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. लांबचं जवळ आणायचं बटण दाबलं की आत मोटर फिरते, आणि मोटर बॅटरी खाते, म्हणून तेही बंद. देवाने पाय कशाला दिलेत, असं विचारून ते स्वतःच पुढेमागे होतात. एका मुंजीत सगळे नातेवाईक चौकटीत मावावेत म्हणून मागे सरकता सरकता ते थेट मठ्ठ्याच्या पातेल्याला जाऊन टेकले. आचाऱ्याने डाव वर उचलला तेव्हा कुठे थांबले.

मागची स्क्रीन तर आम्ही कुणी उजळलेली पाहिलीच नाही. साडू वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या काचेला डोळा लावून फोटो काढतात, आणि काढलेला फोटो कुणी बघायला मागितला तर कॅमेरा छातीशी धरतात. ‘स्क्रीन खाते. कॉम्प्युटरवर टाकल्यावर बघा,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बघायचा नाही म्हटल्यावर तो पुन्हा काढायचाही नाही. एका प्रसंगाचा एकच फोटो. त्यामुळे आमच्या घराण्यात डोळे मिटलेल्या माणसांचं प्रमाण फार आहे. एकट्या त्यांच्या लेकीचे डोळे कधी मिटले नाहीत. बापाने कॅमेरा डोळ्याला लावला की ती श्वास रोखून, पापणी न हलवता उभी राहायची आणि बाबा ‘झाला’ म्हणाला की मगच श्वास सोडायची. एवढ्याशा पोरीला ती सवय लागली ती लागलीच.

कॅमेरा चालू होताना जास्त खातो, म्हणून तो एकदाच चालू करायचा, हा आणखी एक नियम. लेकीच्या वाढदिवसाला आम्ही पोचलो की आधी सगळे फोटो ओळीने उरकायचे. केक कापण्याचा, भरवण्याचा, भेट देण्याचा, आणि शेवटी आम्ही दारात चपला घालून निरोप घेतोय असाही. मग चपला काढून, आत येऊन खरा वाढदिवस सुरू. निरोपाचा हात मी इतक्या वेळा उपाशीपोटी हलवलाय की अजूनही हात हलवला की मला भूक लागते.

एकदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात हरणांचा कळप अगदी रस्त्याला येऊन उभा राहिला. मी म्हटलं, साडूभाऊ, काढा. ते म्हणाले, पुढे बिबट्या दिसला तर काय दाखवू त्याला? आम्ही दिवसभर चाललो. बिबट्या काही दिसला नाही. तिखटमीठ लावलेला पेरू खाऊन दुखऱ्या पायांनी परत आलो आणि बॅटरी मात्र होती तशी भरलेली. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला भांडायचंही त्राण उरलं नाही.

पुढे त्या जातीची बॅटरी मिळेनाशी झाली. साकीनाक्याच्या एका गाळ्यातून मी एक डुप्लिकेट आणून दिली, ती कॅमेऱ्यातच पुरीसारखी टम्म फुगली आणि पकडीने ओढून काढावी लागली. तेव्हापासून जुन्या बॅटरीची सेवा घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी सुरू झाली. ती कॅमेऱ्यात ठेवायची नाही, कारण पडून राहिली तरी उतरते. गारव्यात न्यायची नाही, कारण थंडीने मान टाकते. फुल चार्ज केली तरी मोजके फोटो निघायचे.

आणि अशात लेकीचं लग्न ठरलं. फोटोवाले ठरवलेले होते, वर उडणारा कॅमेरासुद्धा होता. पण लेक म्हणाली, ‘बाबा, पाठवणीचा फोटो तूच काढ. मला त्या लोकांचा नको, तुझा एकच हवा.’ साडू हरखले. त्यांनी सवयीने सुचवलं की सकाळीच, बॅटरी ताजी असताना काढून घेऊ, तू नुसती गाडीत बसल्यासारखं कर. ती म्हणाली, नाही, खरी जाताना काढायचा. तो एक फोटो नीट यावा म्हणून हा माणूस महिनाभर कॅमेऱ्याला हात न लावता राहिला.

लग्नाचा हॉल एसीने गारठला होता. साडूंनी बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवलेली. पण कन्यादानाला सोवळं नेसायचं तर खिसा कुठला? त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, वरच्या खिशात ठेव, वारा लागू देऊ नकोस. मी ठेवली. त्यानंतर पंक्ती, पाहुणे आणि आहेर यांत ना त्यांनी ती मागितली, ना मला तिची आठवण राहिली.

संध्याकाळी गाडी दाराशी लागली. लेक सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली आणि गाडीच्या दारापाशी वळून उभी राहिली. साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. माझा हात खिशाकडे गेला, बॅटरी अजून तिथेच होती. माणसं बाजूला सारत मी त्यांच्याजवळ पोचलो, बॅटरी तळहातावर धरून त्यांच्यापुढे केली. त्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही.

‘राहू दे रे,’ ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला दिसलं, कॅमेऱ्याच्या खालून त्यांच्या गालावर पाणी ओघळत होतं. त्यांना तो रिकामा आहे हे ठाऊक होतं. तोंड लपवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. समोर लेक श्वास रोखून उभी होती, पापणी न हलवता, आणि बाप बराच वेळ बटण दाबून राहिला. मग म्हणाला, ‘झाला.’ तिने श्वास सोडला आणि ती गाडीत बसली.

पुढच्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा आम्हीही मुलुंडला गेलो होतो. जेवताना कुणीतरी पाठवणीचा फोटो मागितला. साडू ताटात बघत म्हणाले, स्क्रीन खाते. मी पाणी प्यायलो. लेक म्हणाली, असू दे, नंतर बघू. तिला रिक्षात बसवायला मी खाली उतरलो तेव्हा ती म्हणाली, ‘काका, भिंगावरचं झाकण उघडलंच नव्हतं. मला समोरून दिसत होतं.’

मी हात करून रिक्षा थांबवली. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. साडू कॅमेरा घेऊन खाली येत होते, आणि तो वरपासूनच चालू करून आणला होता. भिंग बाहेर आलेलं, स्क्रीन उजळलेली. अंगावर घरचा ड्रेस, हातात कोथिंबीर वडीचा डबा अशी ती रिक्षापाशी उभी राहिली. त्यांनी एक फोटो काढला. मग दुसरा. मग चक्क फ्लॅश उडाला. मग जवळ जाऊन त्यांनी तिला स्क्रीन दाखवली, आणि दोघं डोकं टेकवून ती बघत राहिली. रिक्षावाल्याने मीटर टाकला तरी बघत होती.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. साडू तिथेच फाटकाशी कॅमेऱ्यात बघत उभे होते. लाल दिवा लुकलुकायला लागला होता. इतक्या वर्षांची सवय, मीच म्हटलं, साडूभाऊ, बंद करा, बॅटरी जाईल.

‘जाऊ दे,’ ते म्हणाले, आणि स्क्रीन आपोआप विझेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.