माझा शिरा पहिला आला तेव्हा

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगते. बघा, आत्ताच हसून राहिले! बरं, हसा. पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या नणंदबाईंच्या नाकातून चहा आला होता.

तर मी पांढुर्ण्याची लेक आणि सौंसरची सून. नागपूरच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवते, घरूनच. म्हणजे दिवसभर लॅपटॉपसमोर. लग्न नवीन होतं तेव्हा शेजारच्या बायका खिडकीतून डोकावून विचारायच्या, "सूनबाई टीव्ही पाहून राहिली का वो?" आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ठसक्यात सांगायच्या, "टीव्ही नाही, नोकरी करून राहिली!" त्या 'नोकरी' शब्दाला असा काही जोर द्यायच्या की मी कलेक्टरच!

आत्याबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाची पाककला स्पर्धा होती. विषय काय? संत्रं! आमच्या भागात दुसरं काय असणार? एक दिवस त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मागच्या वेळी गुणांवरून लय कचकच झाली वो. यंदा तू कॉम्प्युटरवर निकाल लाव. कॉम्प्युटर कोणाचा नातेवाईक नाही."

"लावते ना, आत्याबाई. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम! जगातल्या सगळ्या गडबडी याच वाक्यापासून सुरू होतात, लिहून ठेवा.

"अन् एक पदार्थ तूही ठेव. अध्यक्षाची सून हात बांधून बसली तर बरं नाही दिसत."

इथं माझी पंचाईत झाली. कारण मला वेबसाइट येते, स्वयंपाक येत नाही. माहेरी आई म्हणायची, "शिकशील हळूहळू." मी अजून 'हळू'वरच होते.

पण आधी निकालाचं ऐका. मी वेबसाइटसारखं एक पान बनवलं, जावास्क्रिप्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. त्यात एक अ‍ॅरे. घाबरू नका, अ‍ॅरे म्हणजे काही बॉम्ब नाही. फळीवर आपण ओळीनं डबे मांडतो ना, तसंच. एका डब्यात एक बाई: तिच्या ताटाचा नंबर, तिचं नाव, तिचे गुण. सगळे गुण भरले की एक बटण दाबायचं. डबे आपोआप जागा बदलतात, जास्त गुणवाली वर, कमी गुणवाली खाली. मी खोटे गुण टाकून पाहिलं. पंचेचाळीस, बहात्तर, एकसष्ट. बराबर रांग लागली! मी स्वतःचीच पाठ थोपटली.

स्पर्धेच्या दिवशी मी संत्र्याचा शिरा केला. अख्खी संत्री सोलून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली, भाजलेल्या रव्यात ओतली, साखर घातली. रंग काय आला म्हणता! केशरी! चाखणार तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी नवऱ्यालाच म्हटलं, "चाखून सांगा ना."

त्यानं चमचा तोंडात घातला, क्षणभर भिंतीकडे पाहिलं, अन् म्हणाला, "मस्त आहे."

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. नव्या नवऱ्याची साक्ष कोणत्याच कोर्टात धरत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मंगल कार्यालय भरलं होतं. लोधीखेड्याच्या बायका, रामाकोन्याच्या बायका, माझ्या माहेरहून पांढुर्ण्याच्याही आलेल्या. ताटांवर फक्त नंबर, नावं नाहीत. तीन परीक्षक बाहेरून बोलावलेल्या. कोणतं ताट कोणाचं, त्यांना पत्ता नाही. त्या बेरीज करून दीडशेपैकी गुण सांगायच्या, मी भराभर टाईप करायचे. माझं ताट कितव्या नंबरचं, हे त्या घाईत मला तरी कुठे आठवत होतं!

आत्याबाईंनी बजावलं होतं, "गुण पडद्यावर नको दाखवू, कोणाचं मन दुखते. फक्त नावं दाखव. पण सगळ्यांची. लपवाछपवी नाही पाहिजे."

मी बटण दाबलं. डबे सरकले. पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरात पहिलं नाव आलं.

माझं!

मी स्वतः टाळ्या वाजवल्या हो! आधी वाजवल्या, मग नाव वाचलं. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी माइकवर सांगून टाकलं, "मी कधी म्हटलं नाही, पण माझ्या सुनेच्या हाताले चव आहे!" पहिलं बक्षीस मिक्सर. तो माझ्या हातात आला, फोटो निघाला.

आणि शेवटचं नाव? रामाकोन्याच्या सुमनमावशी!

आता सुमनमावशी कोण, हे सांगायलाच पाहिजे. संत्र्याची बर्फी करावी तर त्यांनीच. आवाज असा की त्या पुटपुटल्या तरी मागच्या रांगेला ऐकू जातं. मंडळात त्यांचं आणि आत्याबाईंचं कधी पटलं नाही. मागच्या वेळची कचकच? ती या दोघींचीच!

मावशी उभ्या राहिल्या. "मी शेवटची? माझ्या बर्फीचं ताट पाहा, पुसून खाल्लं लोकायनं! काऊन शेवटची?"

मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "सासू अध्यक्ष, सून कॉम्प्युटरवर. नंबर घरातच राहिला!"

हळूच म्हटलं, पण हॉलमध्ये नेमकी तेव्हाच शांतता झाली होती. आत्याबाईंचा चेहरा पडला. आयुष्यभर पै-पैशाचा सुद्धा कोणाला बोल लावू दिला नव्हता त्या बाईनं.

"चाखून पाहा ना मग!" आत्याबाई म्हणाल्या. "शिरा ठेवला आहे समोर. सगळ्याजणी चाखा!"

झाली ना रांग सुरू! मी मिक्सर छातीशी धरून उभी. पहिल्या काकूंनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाल्या.

"वेगळीच चव आहे," त्या म्हणाल्या आणि पाणी शोधत गेल्या.

पहिला नंबर आलेल्या शिऱ्याला वाईट कोण म्हणणार? आपल्यालाच कळत नसेल, असं प्रत्येकीला वाटलं. एक म्हणाली, "हॉटेलात असंच असते आजकाल." दुसरी म्हणाली, "शुगरवाल्यायसाठी चांगलं आहे." तिसरीनं तर कृती विचारली! आणि मी, काय सांगू, मी कृती सांगितली. वर सल्लाही दिला, "रवा मंद आचेवर भाजा." अरे देवा!

तेवढ्यात एका परीक्षक मॅडमनी चमचाभर घेतला. घेतला आणि थबकल्या. दुसऱ्या मॅडमना म्हणाल्या, "अहो, हा तर तोच शिरा!" त्या 'तोच'मध्ये कौतुक मुळीच नव्हतं.

आणि तेव्हाच सुमनमावशी समोर आल्या. चमचा भरून शिरा तोंडात. सगळा हॉल त्यांच्याकडे बघतोय. मी म्हटलं, संपलं. आता ही बाई माइकशिवाय नागपूरपर्यंत ऐकवेल.

मावशींनी गिळला. माझ्याकडे पाहिलं. आणि अगदी जवळ येऊन, मला एकटीलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "पोरी, बिया काढल्या होत्या का वो?"

"नाही जी."

"बिया वाटल्या तर कडू होतेच. थंडा झाल्यावर त जास्तच." बस, एवढंच. त्यांना आवाज खाली घेता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मिक्सर खाली ठेवला आणि लॅपटॉपकडे पळाले. गुण उघडले. माझ्या नावासमोर काय होतं? नऊ! दीडशेपैकी नऊ! माझ्याखाली अठ्ठ्याऐंशी, त्याखाली चौऱ्याऐंशी, आणि सगळ्यात खाली सुमनमावशी. एकशे एकतीस!

कळलं का काय झालं? मी गुण पानावरच्या चौकोनात टाईप केले होते. चौकोनातून आलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. मग ती शब्दकोशासारखी रांग लावते. आधी फक्त पहिलं अक्षर बघायचं. नऊचं नऊ, अठ्ठ्याऐंशीचं आठ, एकशे एकतीसचं एक. नऊ सगळ्यात मोठा! शंभराच्या वर गेलेल्या एकट्या सुमनमावशी, म्हणून त्या तळाला. मी तपासताना सगळे दोन आकडीच गुण टाकले होते, तिथं रांग बरोबरच लागणार! त्या डब्यांना फक्त सांगायचं राहिलं होतं की बाबांनो, तुम्ही अक्षरं नाही, आकडे आहात. एका शब्दाचं काम.

गपचूप दुरुस्त करता आलं असतं का? नसतं. माझ्या सासूवर बोट उठलं होतं. मी माइक घेतला.

"चूक माझी आहे. आत्याबाईंचा काही संबंध नाही. मला नऊ गुण आहेत. आता बघा." तो एक शब्द घातला आणि सगळ्यांसमोर पुन्हा बटण दाबलं.

माझं नाव पडद्यावरून असं घरंगळत खाली गेलं, जसं जिन्यावरून पातेलं! आणि सुमनमावशींचं नाव तळातून वर.

कुठून तरी एक हसू फुटलं. अन् मग काय विचारता! त्या 'वेगळीच चव'वाल्या काकू पोट धरून खाली बसल्या. "मायबाई, मले वाटलं माह्या जिभेलेच काही झालं!"

मी मिक्सर सुमनमावशींच्या हातात दिला. त्यांनी माइक घेतला, गरज नसताना. "नऊ गुण सगळ्यायसमोर सांगाले हिंमत लागते. माह्यात नसती झाली. मंगळवारी रामाकोन्याले ये पोरी, बर्फी शिकवतो तुले." मग आत्याबाईंकडे वळल्या. "अन् तुमी बी या जी. मागच्या वेळचं सोडा आता."

आत्याबाई उठून मावशींच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मला सांगा, आणखी दहा मिनिटं लावून मी ते पान नीट बनवलं असतं, तर या दोघी शेजारी बसल्या असत्या का? आज संत्र्याच्या दिवसांत आमच्या घरी बर्फी होते आणि लोक मागून खातात, ती माझ्या हातची. माझ्या हातून घडलेल्या कुठल्या बरोबर कामाचे इतके आभार मानावेसे वाटत नाहीत, जितके त्या चुकीचे वाटतात. आणि ज्या बायकांनी तो शिरा गिळला, थुंकला नाही, त्यांचे तर जन्मभर!

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आत्याबाई पाय पसरून बसल्या. मी त्यांना समजावत होते. अ‍ॅरे, अक्षरं, आकडे, आठापेक्षा नऊ मोठा, सगळं. खूप वेळ ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या,

"ते तुझं अक्षर-बिक्षर राहू दे वो. त्या कॉम्प्युटरनं तुले पहिला नंबर काऊन देल्ला, ते मले समजलं."

"काऊन?"

"अख्ख्या हॉलमध्ये त्यानं एकट्यानंच तुझा शिरा खाल्ला नव्हता!"