आईला उभं ठेवून झालेला सत्कार

जपानमधल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षं म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून मी सुट्टीवर आले, तेव्हा नेकनूरजवळच्या माझ्या जुन्या शाळेनं माझा सत्कार ठेवला. हेडमास्तरांनी आधीच कानात सांगितलं, "तिथली शिस्त, तिथला नम्रपणा, यावर बोला. पोरांना कळू दे."

बोलले. बोलण्यासारखं होतंच. पहिल्याच आठवड्यात मी तिथं रस्ता चुकले होते. भाषा धड येत नव्हती. भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेल्या एका म्हातारीला पत्त्याची चिठ्ठी दाखवली, तर ती तशीच माघारी वळली आणि वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत माझ्यासोबत चालत आली. वर कमरेत वाकून माझीच माफी मागितली, वाटेत माझ्याशी नीट बोलता आलं नाही म्हणून.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी माईक घेतला. "बघा! नाहीतर आपली माणसं. अडाणी. ना बोलायची रीत, ना वागायची."

माझी नजर मागं गेली. आई मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. ऊस तोडून तोडून तिची कंबर गेलेली. पाहुण्यांचे ड्रायव्हरसुद्धा खुर्च्यांवर बसलेले, तिला मात्र कुणी बस म्हटलं नव्हतं. स्टेजवर बसताना मलाही सुचलं नव्हतं, ते अजून टोचतं.

मी माईक मागितला. सर देईनात. मग तशीच मोठ्यानं बोलले, "सर, ती मागं उभी आहे ती माझी आई. अडाणीच आहे. उसाच्या फडात कुणीही आलं तरी आधी त्याला पाणी द्यायची, मग स्वतः प्यायची. तिला रीत नाही? आणि तिला तासभर उभं ठेवणाऱ्यांना आहे?"

पोरं माना वळवून मागं बघायला लागली.

"आगं, कावून उगं बोलायलीस? मी बसते की खाली," आई म्हणाली.

"खाली न्हाई बसायचं."

मी माझी खुर्ची उचलली, स्टेजवरून उतरले आणि तिच्यापाशी नेऊन ठेवली. ती पदर सावरत, अवघडून टोकावर बसली. आभारप्रदर्शन संपेपर्यंत मी शेजारी उभी राहिले.

निघताना सर म्हणाले, "परदेशात जाऊन हेच शिकलात?"

"नाही सर, हे इथंच शिकले."

पुन्हा त्या शाळेनं बोलावलं नाही. बोलावलं, तर हेच बोलेन.